घरचंच : माठ, आड, कौल, भाकरी आणि वाकळ

मार्च उजाडला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मिक्सर, वॉशिंग मशीन मागं पडतात आणि माठ, आड, कौलं पुढं येतात. बेळगाव शहर, शहापूर, वडगाव, निपाणी, चिकोडी आणि खानापूर तालुका इथून आलेली सहा पत्रं या खेपेला घेतली आहेत. लांब पत्रं मुद्द्यापुरती कापली आहेत.

हिंदवाडीतल्या एका वाचक भगिनींचं पत्र : आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटात राहतो. फ्रिजच्या पाण्यानं मुलाचा घसा धरतो म्हणून खानापूरचा माठ आणला. पहिले पंधरा दिवस पाणी सुरेख गार होत होतं. आता नळाच्या पाण्यासारखं लागतं. पूर्वी माठाखालची ताटली ओली व्हायची, आता तीही कोरडी असते. माठ बदलायचा का?

लगेच बदलू नका. ताटली कोरडी राहते हे तुम्ही पाहिलंत, तिथंच उत्तर आहे. माठ गार होतो तो पाझरतो म्हणून. कुंभार मातीत राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळतात. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. त्यातून पाणी बाहेरच्या अंगाला येतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे दहा लिटरचा माठ आठ अंशांनी उतरवायला दीडशे मिलिलिटरसुद्धा पाणी उडावं लागत नाही. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत येत असते, त्यामुळं जास्त लागतं, पण हिशोब एवढा किरकोळ आहे. छिद्रं बंद झाली की हे सगळं थांबतं आणि माठ म्हणजे नुसतं मातीचं पिंप उरतं.

छिद्रं बुजण्याची कारणं तीन. पहिलं, बोअरचं जड पाणी. ते उडून जातं, त्यातला चुना मागं राहतो. माठाच्या बाहेरच्या बाजूला पांढरी पूड किंवा पांढरे नकाशे दिसत असतील तर हेच झालं आहे. दुसरं, आतला बुळबुळीत थर, जो पाणी न बदलता वरून भर घालत राहिल्यानं धरतो. तिसरं, हौस. वारली नक्षी, ऑइल पेंट, वॉर्निश. रंगवलेला माठ दिवाणखान्यात ठेवावा, त्यातून गार पाण्याची अपेक्षा करू नये.

उपाय असा. माठ रिकामा करून नारळाच्या काथ्यानं आतून-बाहेरून घासा. साबण आणि भांड्यांचा लिक्विड अजिबात नको. माती तो पिते आणि पुढं आठवडाभर पाण्याला वास येतो. बाहेरचे पांढरे डाग चिंचेच्या कोळानं चोळा, दहा मिनिटं ठेवा, काथ्यानं घासून भरपूर पाण्यानं धुवा. मग माठ दोन दिवस कडक उन्हात पालथा घाला, पण तोंड जमिनीला टेकवून नको. दोन विटांवर ठेवा म्हणजे आत हवा खेळेल. त्यानंतर रात्रभर मोठ्या बादलीत बुडवून ठेवा आणि भरा. सहा-सात तासांत बाहेरचा अंग हाताला ओलसर लागला तर माठ कामाला लागला. नाहीच लागला तर मात्र चुना आतपर्यंत बसलाय, तो माठ तुळशीच्या खताला वापरा. पुढच्या माठात शक्यतो नळाचं पाणी गाळून-उकळून, निवल्यावर भरा. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. ते काम त्याच्यावर टाकू नका.

जागाही तपासा. फ्लॅटात बहुतेकांचा माठ ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, वर कपाट अशा जागी असतो. तिथं हवाच हलत नाही. तिवईवर ठेवा, तळाखालूनही वारा जायला हवा. ऊन न येणारी पण वारा असलेली खिडकी बघा. बेळगावात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, फक्त दुपारचं तिरपं ऊन माठावर पडणार नाही एवढं आत घ्या. तिवई नसेल तर घमेल्यात चार बोटं वाळू घालून ती ओली ठेवा आणि त्यावर माठ बसवा. पाणी रोज नवं, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं. पेला बुडवणाऱ्या हातांनीच माठातलं पाणी खराब होतं.

जूनमध्ये माठ पुन्हा रुसेल, तेव्हा पत्र पाठवू नका. कोरड्या एप्रिलमध्ये ३५ अंश तापमान आणि ३० टक्के दमटपणा असला तर ओल्या पृष्ठभागाला फार तर २२ अंशांपर्यंत उतरता येतं, म्हणून माठातलं पाणी २५च्या आसपास येतं. पावसाळ्यात हवा २६ अंश आणि दमटपणा ८० टक्के असला की ती मर्यादाच २३वर जाते. गार व्हायला वाव उरत नाही. पावसाळाभर माठ धुऊन, वाळवून पालथा ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा काढा.

नवा घ्यायचाच झाला तर बोटाच्या पेरानं टकटक करून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, भदभदला तर आत चीर आहे. एक दिवस बुडवून ठेवा, पहिली दोन-तीन भरणी ओतून द्या. खानापूरच्या मातीबद्दल वेगळं सांगायला नको, कौलांचे कारखाने आणि कुंभारकाम शिकवणारी ग्रामोद्योगाची संस्था तिथं उगाच नाही उभी राहिली.

निपाणीहून एक वाचक, जरा चिडूनच : तुम्ही दर अंकात जुन्या वस्तूंचे गोडवे गाता. फ्रिज आहे, मिक्सर आहे, गॅस आहे. पाट्यावर वाटायला आणि आडाचं पाणी शेंदायला घरात माणसं कुठं आहेत?

बरोबर आहे. फ्रिज ठेवा, मिक्सरही ठेवा. दहा माणसांचं वाटण पाट्यावर करा असं आम्ही कुणालाच सांगणार नाही, आणि पूर्वी ते कोण करायचं आणि तिच्या खांद्याचं काय व्हायचं हेही विसरत नाही. पण वाटीभर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी पाट्यावर करून बघा. मिक्सरचं पातं चिरतं, वरवंटा चिरडतो. पात्याच्या वेगानं वाटण तापतं, शेंगदाण्याचं तेल सुटून गोळा होतो. पाट्यावर ते रवाळ राहतं. दोघांच्या जेवणापुरती चटणी पाच मिनिटांत होते, पाटा धुण्यासकट.

पाटा गुळगुळीत झाला असेल तर त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरखरीत करून घ्यावा लागतो. टाकी लावल्यावर मूठभर जाडं मीठ वाटून टाकून द्या, मग भिजवलेले तांदूळ दोनदा वाटून तेही टाका. पांढऱ्या तांदळात दगडाची काळी कच दिसते. ती दिसायची थांबली की पाटा तयार. हे न करता चटणी वाटली की दाताखाली खडा येतो आणि पाटा पुन्हा मोरीत जातो.

शहापूरहून एक वाचक : आमच्या वाड्याच्या परसात दगडी बांधणीचा आड आहे. आजोबांच्या वेळी सगळं घर त्यावर चालायचं. नळ आल्यावर हळूहळू वापर सुटला, वर फरशी टाकली. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून आता आड परत सुरू करावा असं घरात सगळ्यांचं मत आहे. फरशी सरकवली तर पाणी दिसतं, पण कुजका वास येतो. सुरुवात कुठून करायची?

फरशी पूर्ण काढण्यापासून, आणि त्यानंतर निदान दोन दिवस आडाजवळ काहीही न करण्यापासून. वर्षानुवर्षं बंद असलेल्या आडात पालापाचोळा कुजून विषारी वायू साठतात, प्राणवायू संपलेला असतो. दरवर्षी कुठं ना कुठं एक माणूस उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. जुनी माणसं कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे खरं. पण कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक, हे खरं नाही. विषारी वायू असतानाही ज्योत जळते, आणि गाळातून सुटणारा वायू पेट घेणारा असेल तर ज्योतच घात करते. वायू मोजण्याचं यंत्र असलेली, या कामात मुरलेली माणसंच बोलवा. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक वर दोघांच्या हातात, आणि खाली हवा ढकलणारा पंखा सुरू. डिझेलचं इंजिन आडाच्या तोंडाशीसुद्धा ठेवू नका, आत उतरवायचं तर नावच नको. त्याच्या धुरातला विषारी वायू वास न येता मारतो.

उपसा मे महिन्यात करा. पाणी तेव्हा तळाला असतं म्हणून काम सोपं होतं, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. पावसाळ्यात आडाबाहेरची जमीन पाण्यानं फुगलेली असते. आतलं पाणी एकदम उपसलं तर बाहेरचा दाब दगडी बांधणीला आत ढकलतो आणि चुन्यात बांधलेली जुनी भिंत ढासळते. मेमध्येही एका दिवसात तळ गाठू नका. तीन-चार हात पाणी उतरलं की थांबा, कपारी बघा, दगड सुटलेला दिसला तर आधी गवंडी बोलवा. भिंतीतून उगवलेला पिंपळ किंवा उंबर वरवर तोडून भागत नाही. मुळासकट काढून भेग भरावी लागते.

गाळ काढला की बांधणी घासून घ्या. तळात मोठी वाळू आणि गोटे असतील तर तेही वर काढून धुवा आणि परत टाका, ती गाळणी आहे. जुन्या कळश्या, पोहरे, कधी कधी एखादं तपेलं हमखास निघतं. ते काढायला गळ टाकतात तसा लोखंडी गळ घरात असेल तर जपून ठेवा, पुढंही लागणार आहे.

आता निर्जंतुकीकरण. त्यासाठी आधी आडात पाणी किती ते काढा. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ३.१४ नं गुणून ४ नं भागा. जे येईल ते घनमीटर, त्याला १००० नं गुणलं की लिटर. दीड मीटर व्यासाच्या आडात चार मीटर पाणी असेल तर ७०६५ लिटर. सफाईनंतर पहिला डोस जोरदार द्यायचा : दर १००० लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे या आडाला सुमारे १ किलो ४०० ग्रॅम. रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाणी उपसून टाका, झाडांना घालू नका. क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसत राहा.

नंतर रोजच्या वापरात दर १००० लिटरला फक्त अडीच ग्रॅम पुरते. आपल्या उदाहरणात ती १८ ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे. चमच्यापेक्षा छोटा तराजू बरा, कारण पावडर दाबून भरली की वजन दीडपट होतं. घालण्याची रीत महत्त्वाची आहे. बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून लापशी करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. खाली पांढरा साका बसतो. तो चुना आहे, आडात गेला तर पाणी जड होतं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, दोरानं पाण्याच्या पातळीखाली सोडा आणि वरखाली हलवून आडभर पसरवा. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर कालवू नका. पहिल्या जोरदार डोसाला म्हणूनच चौदा बादल्या लागतील. रोजचा डोस रात्री घाला, सकाळपर्यंत पाणी वापरायला तयार होतं. पावडरचा डबा उघडा राहिला की क्लोरीन उडून जातो आणि उरते नुसती चुनखडी. दोन महिन्यांपूर्वी फोडलेल्या पुडीवर विसंबू नका.

पाणी पिण्यालायक आहे का हे वासावरून किंवा रंगावरून ठरवू नका. बाजारात एक छोटी बाटली मिळते, तिच्यात आडाचं पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवतात. पाणी काळं पडलं तर मैल्याचे जंतू आहेत. ही परीक्षा क्लोरीन घालायच्या आधी करायची, नाहीतर खोटा दिलासा मिळतो. काळं पडलं तर आडाच्या पंधरा मीटरच्या आत शोषखड्डा, संडासाची टाकी किंवा गोठा आहे का बघा. दाट वस्तीच्या गल्ल्यांत शेजाऱ्याची टाकी हमखास त्या अंतरात येते. तसं असेल तर आड धुण्या-भांड्यांना आणि झाडांना वापरा, पिण्याचा हट्ट सोडा. त्यातही नळाचं निम्मं पाणी वाचतं.

आडाचा कठडा मांडीच्या वर, निदान ७० सेंटिमीटर हवा. भोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला ओटा हवा. ओटा फुटका असेल तर रहाटाखाली सांडलेलं, पायांची माती धुतलेलं पाणी परत आडातच जातं, आणि वर सांगितलेला सगळा हिशोब वाया जातो. वर फरशीऐवजी जाळी घाला. हवा लागली पाहिजे, पाला पडता कामा नये.

छतावरचं पावसाचं पाणी आडात सोडायचं असेल तर थेट नको. गोटे, खडी, वाळू असे थर घातलेल्या खड्ड्यातून सोडा, आणि मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या. शंभर चौरस मीटर छत आणि बेळगावचा १२०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस धरला, तर गळती-नासाडी वजा जाता लाखभर लिटर पाणी होतं.

एवढी खटपट कशाला, असं घरातलं कुणी म्हणेल. त्यांना टिळकवाडीतली काँग्रेस विहीर दाखवा. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात अधिवेशन भरलं, त्या गर्दीच्या पाण्यासाठी ती खणली. अजून आहे.

खानापूर तालुक्यातल्या घरमालकांचा प्रश्न : गावच्या स्वयंपाकघरात एक काचेचं कौल होतं. दहाच्या सुमाराला त्यातून उजेडाचा चौकोन ओट्यावर पडायचा, दिवा लावावा लागत नसे. माकडांनी ते फोडलं. तिथं पत्र्याचा तुकडा सारला, तर आता काळोखही झाला आणि गळायलाही लागलं. परत काच बसवता येईल का?

येईल, पण माप जुळवून. मंगळुरी कौलं वरून सारखी दिसतात, तरी प्रत्येक कारखान्याच्या साच्यातल्या खाचा थोड्या निराळ्या असतात. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेनं १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला, पुढं नक्कल करणारे पुष्कळ झाले, म्हणून हा घोळ. तुमच्याच छपरावरचं एक कौल काढून दुकानात न्या, आणि काचेचं कौल त्याच्यावर बसवून, खाच खाचेत जाते का बघून मगच घ्या. फायबरचं स्वस्त मिळतं. दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं पडतं आणि उजेडही पिवळा देतं.

पत्रा का गळतो? कौलाच्या कडेला जी पन्हळ असते ती शेजारच्या कौलात अडकते आणि आलेलं पाणी खाली काढून देते. सपाट पत्र्याला पन्हळ नाही. पाणी त्याच्या पोटाखालून वर चढतं आणि रिपेवर, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्टीवर टपकतं. तिथली रीप आता कुजली असणार. हातोडीच्या मुठीनं ठोकून बघा, भुसभुशीत वाजली तर ती आधी बदला. नाहीतर जड काच बसवून पुन्हा फुटेल.

बसवताना वरच्या ओळीतली दोन कौलं आधी उचलायची, काच रिपेवर अडकवायची आणि मग वरची कौलं तिच्यावर टेकवायची. खालून ढकलून बसवायला गेलं की कोपरा उडतो. फटीत सिमेंट भरू नका. उन्हानं काच आणि माती वेगवेगळी ताणतात, सिमेंट दोघांना धरून ठेवतं आणि दोघांपैकी एकाला तडा जातो. छपरावर चढल्यावर कौलाच्या मधोमध पाय नको; जिथं एक कौल दुसऱ्यावर येतं आणि खाली रीप असते तिथंच टाका, किंवा आडवी फळी घाला. अनोळखी घरावर बिनफळीचं चढूच नये.

काच उत्तरेच्या पाखीवर, म्हणजे छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर असेल तर उजेड दिवसभर सौम्य राहतो. पश्चिमेच्या पाखीवर मे महिन्यात चूल पेटवायची गरज उरत नाही. एका स्वयंपाकघराला दोन पुरतात. आणि शाकारणीच्या वेळी, वळिवाआधी, वर्षातून एकदा ती ओल्या फडक्यानं पुसा. चुलीच्या धुराचा थर आतून बसतो, लोक बाहेरूनच धुतात आणि उजेड कमी झाला म्हणतात.

चिकोडीचे, सध्या बेळगावात खोली घेऊन राहणारे एक वाचक : जोंधळ्याची भाकरी थापता थापता चिरते. गावी आईची चिरत नाही. पीठ दुकानातलंच, तवा नॉनस्टिक.

तुम्ही दोन्ही कारणं स्वतःच लिहिली आहेत. जोंधळ्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो. आणि दळून पंधरा दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहायची ताकद जाते, मग आधणाचंही चालत नाही. शाळू आणून आठ दिवसांपुरतं दळून घ्या. एका वाटीला पाऊण वाटीच्या आसपास पाणी, चिमूटभर मीठ. पाणी खदखदल्यावर निम्मं पीठ त्यात टाकून झाका, पाच मिनिटांनी परातीत काढून उरलेलं पीठ घालून मळा. मळायचं तळहाताच्या टाचेनं, एका भाकरीच्या गोळ्याला तीन मिनिटं तरी. बहुतेकजण इथंच घाई करतात. गोळा दाबला की कडेला चिरा पडतात का बघा. पडल्या तर पाण्याचा हात लावून आणखी मळा.

तवा लोखंडी घ्या. पीठ भुरभुरलं की चार-पाच सेकंदांत तांबूस व्हायला हवं, एवढा तापलेला. नॉनस्टिकला तेवढी आच द्यायची नसते. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका, लगेच वरून पाणी फिरवा. पाणी वाळत आलं, पण ओल आहे, अशा वेळी उलटा. पूर्ण वाळू दिलं की तिथंच भेग पडते आणि आतली वाफ निसटते. वाफ निसटली की फुगणं संपलं. दुसरी बाजू शेकून झाली की थेट आचेवर. या तव्यावर धिरडं-डोसा घालू नका, तेलकट तव्यावर भाकरी सरकते आणि फुगत नाही.

वडगावहून एका वाचक भगिनींचं पत्र : सासूबाईंची तीन सुती नऊवारी लुगडी आहेत. नेसणारं कुणी नाही, टाकवत नाहीत. वाकळ शिवून घ्यायची तर हल्ली शिवणारी मिळत नाही. घरी जमेल का?

जमेल, वेळ लागेल. एक नऊवारी साधारण आठ मीटर लांब असते. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करा, दोन-दोन शेजारी जोडा, म्हणजे दोन मीटर बाय सव्वादोन मीटरचे दोन थर होतात. तीन लुगड्यांचे सहा थर. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीला तेवढे पुरतात. सर्वात धड लुगडं वर आणि खाली वापरा, विरलेली मध्ये. काठ आधी कापून बाजूला ठेवा, ते शेवटी कडेला पट्टी म्हणून लागतात. पॉलिस्टरची एकही साडी मध्ये घालू नका. ती सुताबरोबर आटत नाही, धुतल्यावर आत गोळा होतो.

सगळी लुगडी आधी गरम पाण्यात धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्या. थर जमिनीवर अंथरा, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरानं कच्चे टाके घाला. हे टाळलं की अर्धी वाकळ शिवल्यावर मधोमध फुगवटा येतो आणि तो कशानंही जात नाही. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असं धावदोऱ्यानं शिवत जा. दोन ओळींत दोन बोटं अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. जाड सुती दोरा घ्या, हातभरापेक्षा लांब ओवू नका, गुंता होतो. दोऱ्याला मेण चोळलं तर सुई सहा थरांतून सहज जाते.

कोपरे सगळ्यात आधी फाटतात. तिथं काठाच्या कापडाची तिकोनी घडी घालून दुहेरी शिवा. खानापूर आणि हल्याळच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कौदीच्या, म्हणजे वाकळेच्या कोपऱ्यांवर अशाच तिकोनी फुलांचे तुकडे लावतात, त्याशिवाय कौदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

वाकळ मशीनमध्ये घालू नका, भिजल्यावर ती ड्रमला पेलत नाही आणि टाके तुटतात. वर्षातून दोनदा हौदात भिजवून पायानं तुडवा, पिळू नका, कठड्यावर निथळत ठेवा. दोरीवर टाकाल तर ओल्या वजनानं मधल्या ओळी ताणल्या जातील. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधून दोन्हींवर पसरा आणि दुपारी एकदा उलटा.